लिटरमागे दहा ग्रॅम

प्रेमाची सुरुवात गोड बोलण्याने होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाटून घ्यावं. इथे ती चोरीच्या संशयाने झाली, आणि तीही भर थंडीत, सकाळच्या पाळीला, उपाशीपोटी.

धुकं इतकं दाट होतं की टँकर फाटकातून आत आला तो आधी नुसता आवाज म्हणून आला, मग दोन पिवळे दिवे म्हणून, आणि अगदी शेवटी टँकर म्हणून. गेटवाल्या काकांनी शिट्टी मारली. ती डब्यांच्या काट्यापाशी बसली होती, हातातला चहा तसाच ठेवून उठली. सकाळी टँकर कधी यायचाच नाही. टँकर यायचे दुपारी, आणि दुपारच्या पाळीचा मापवाला ते बघायचा. तिचं काम भरलेल्या डब्यांचं आणि बाटल्यांचं. पण सकाळच्या पाळीला मापवाली ती एकटीच, तेव्हा शिडी चढणं तिच्याच नशिबी आलं.

कारखाना तेल काढायचा नव्हता, नुसता भरायचा. बंदराजवळच्या मोठ्या कारखान्यातून सूर्यफुलाचं तेल टँकरने घाट चढून वर यायचं, टाक्यांत उतरायचं, आणि डब्या-बाटल्यांतून डोंगरावरच्या गावांना जायचं. पंचाईत एवढीच, की तेल विकत घेतलं जायचं किलोवर आणि इथे मोजलं जायचं लिटरवर. गाडी तोलायचा मोठा काटा खचून पडला होता आणि त्याच्या दुरुस्तीला काही मुहूर्त लागत नव्हता. म्हणून टपावर चढायचं, झाकण उघडून लांब पट्टी आत सोडायची, तेल कुठवर आहे ते पाहायचं, टँकरच्या तक्त्यावरून लिटर काढायचे आणि त्यांचे किलो करायचे. एक लिटर म्हणजे नऊशे ग्रॅम. भिंतीवर पांढऱ्या रंगात तसं लिहिलेलंच होतं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यावर सगळ्यांचा पूर्ण विश्वास होता.

"सांभाळून, मॅडम. टपावर दव आहे," खालून आवाज आला. ड्रायव्हरने शिडी दोन्ही हातांनी धरली होती. गळ्याभोवती, कानांभोवती, जवळजवळ नाकापर्यंत मफलर. वर फक्त डोळे दिसत होते — आणि ते रात्रभर न झोपलेले.

तिने पट्टी सोडली, काढली, आकडा मांडला. पुन्हा सोडली. पुन्हा तोच आकडा.

"वाटेत कुठे थांबला होतात?"

"घाटमाथ्यावर. टायर फुटला. जड गाड्यांना रात्री घाटात हलू देत नाहीत, म्हणून रात्र तिथेच काढली."

"रात्रभर?"

"रात्रभर."

"दीडशे किलो तेल कमी आहे."

तो रागावला नाही. त्याने मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. "दीडशे किलो म्हणजे दहा डबे. मॅडम, मी रात्रभर थंडीने कुडकुडत होतो. दहा डबे उतरवले असते, तर निदान घाम तरी आला असता!"

तिला हसू आलं. ते ओठांतच दाबून तिने पावतीवर घट लिहिली, सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. तो घेताना त्याच्या बोटांचा स्पर्श झाला... बर्फ नुसता. ती आत गेली, आणि का कोण जाणे, आपला चहा उचलून त्याला नेऊन दिला. चहा एव्हाना निवला होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरून असा प्यायला, की तिला स्वतःचीच लाज वाटली.

थंड तेल आळशी असतं. पंपातून एरवी झरझर उतरणारं तेल त्या दिवशी निवांत उतरत राहिलं आणि नळापाशी मापवालीने उभं राहायचं हा नियम. ड्रायव्हरने जवळच असायचं हाही नियम. दोन माणसं समोरासमोर उभी आणि बोलायचं नाही, असा नियम मात्र कोणी केलेला नव्हता.

पुढच्या खेपेला तो पुन्हा सकाळीच आला.

"आज पुन्हा टायर?" तिने शिडीवरूनच विचारलं.

"नाही. आज झोप लागली."

"आणि पुढच्या खेपेला?"

"पुढचं पुढे सुचेल की!"

तेही सुचलं. कधी दिवा गेला होता, कधी पोटात दुखत होतं, कधी धुकं होतं. हमाल त्याला मफलर म्हणायला लागले आणि तेच त्याचं कायमचं नाव झालं. टँकरच्या शिडीला त्याने एक दिवस गोणपाट गुंडाळून आणलं, पायरी-पायरीला सुतळीने घट्ट बांधून. "कशाला?" तिने विचारलं. "गाडीला थंडी वाजते," तो म्हणाला आणि दुसरीकडेच बघायला लागला. त्या दिवसापासून तिचा पाय एकदाही घसरला नाही. तीही मग चहाचे दोन पेले वाफाळते ठेवायला शिकली. फाटकापाशी दिवे दिसले की मगच ओतायचे, म्हणजे निवत नाहीत.

"दुपारी कधी दिसत नाही तुम्ही," एकदा तो म्हणाला. म्हणजे आधी त्याची गाडी दुपारी यायची, त्या दिवसांबद्दल.

"दोनला घरी पळते मी."

"कोणी वाट बघतं?"

"हो."

  मफलरचं टोक त्याने उगाचच पिळलं.

"आई," ती म्हणाली. तिने थोडा उशीर लावूनच सांगितलं होतं, हेही सांगायला हवं. त्याचा चेहरा असा उजळला की तिला खाली वाकून नळ तपासावा लागला.

आईचं डावं अंग दोन वर्षांपूर्वी गेलं होतं. सकाळी मावशी येऊन बसायची, दोनला ती आपल्या घरी जायची आणि मग मुलगी. आईला कुशीवर वळवायचं, भरवायचं, खिडकी उघडायची, खिडकी लावायची. संध्याकाळ झाली की खोलीत औषधांचा वास जड व्हायचा आणि बाहेरचं धुकं काचेला येऊन चिकटायचं. आपलं आयुष्य म्हणजे हा कारखाना आणि ही खोली, असं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यात दुःख करण्यासारखं काही आहे हे तिला त्या मफलरवाल्यामुळे कळलं, आणि त्याबद्दल तिला त्याचा रागही यायचा.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. तो आला की तेल कमी. दर खेपेला. कधी दीडशे किलो, कधी त्याहून थोडं जास्त. ज्या हाताने त्याच्यासाठी चहा ओतायचा, त्याच हाताने त्याच्या गाडीवर घट लिहायची. ती दोनदा मोजायची, तीनदा मोजायची, मनात म्हणायची, आज तरी पुरं भर रे बाबा... आणि पट्टी पुन्हा तेच सांगायची. ती लिहायची. तिला खोटं लिहिता येत नव्हतं. तो पावती न वाचता खिशात घालायचा आणि म्हणायचा, "तुम्ही लिहिलंय ना, मग बरोबरच असेल."

असं किती दिवस चालणार? साहेबांनी तिला बोलावलं.

"दुपारच्या मापात एका किलोची घट नाही," साहेब म्हणाले. "सगळी घट सकाळी. सगळी एकाच गाडीत. आणि सगळी तू मोजलेली. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी म्हणत नाही. पण लोक म्हणतात."

"साहेब, मी घट लपवली नाही. लिहिली."

"म्हणून तर तू अजून खुर्चीवर बसली आहेस." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोमवारी गाडीमालक येतोय. गाडीत यंत्र बसवलेलं असतं, कुठे किती वेळ उभी होती ते फोनवर दिसतं. ही गाडी दर खेपेला संध्याकाळपासून पहाटेपर्यंत घाटमाथ्यावर उभी असते. टायर एकदा फुटतो गं, दर खेपेला नाही फुटत. चोरी ठरली तर त्याला पुन्हा कोणी गाडी देणार नाही. आणि तुझंही मला काही सांगता येत नाही."

ती बाहेर आली तेव्हा बारीक, चिवट पाऊस सुरू झाला होता, थंडीतला, कोणालाही नको असलेला. टँकर धक्क्याला लागलेलाच होता. तो शिडी धरून उभा होता.

"खरं सांगा. घाटात का थांबता?"

"झोप येते."

"खाली सपाटीला झोपता येत नाही?"

"तिथे डास फार—"

"हसण्यावारी नेऊ नका!" तिचा आवाज चढला तसे दोन हमाल वळून बघायला लागले. तिने तो खाली आणला. "तुमची गाडी जाईल. माझी नोकरी जाईल."

"तुमची का?"

"सगळी घट माझ्याच मापात आहे. दोघांचं संगनमत आहे म्हणतील. म्हणताहेतच."

त्याचा चेहरा पडला. आतापर्यंत त्याने स्वतःची काळजी केली नव्हती, हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "मी चोर नाही," तो म्हणाला. "एवढं सांगतो. बाकी विचारू नका."

"का विचारू नको?"

"सांगितलं तर तुमचंच..." तो थांबला. पावसाचं पाणी मफलरवरून टपटपत होतं. "नकोच."

ती वर चढली, मोजलं, उतरली, घट लिहिली. त्या दिवशी तिने चहा दिला नाही. पंप चालू असेपर्यंत ती पाठ करून उभी राहिली. माणसाला सगळ्यात जास्त राग आपल्याच विश्वासाचा येतो. तो मोडलाय की नाही हेही कळत नव्हतं, त्यामुळे तर जास्तच.

टँकर रिकामा करण्याआधी त्यातलं लिटरभर तेल काचेच्या मापात काढून ठेवायची पद्धत होती, नमुना म्हणून. गाडी गेल्यावर ते माप तिच्या टेबलावर राहिलं. बाटल्या भरून जात होत्या. ती एकेक काट्यावर ठेवत होती आणि डोळे राहून राहून भरून येत होते. रडताना हाताला काहीतरी चाळा लागतो. तिने ते काचेचं माप उचललं आणि काट्यावर ठेवलं. काचेचं वजन वजा करून आले नऊशे दहा ग्रॅम.

नऊशे दहा. भिंतीवर नऊशे.

तिने हातातली बाटली फिरवली. चिठ्ठीवर छापलेलंच होतं, एक लिटर, नऊशे दहा ग्रॅम. दिवसाला शेकड्यांनी बाटल्या हातातून जायच्या. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिने विचारलंही होतं, भिंतीवर नऊशे आणि बाटलीवर नऊशे दहा असं का? "बाटलीचा हिशोब वेगळा, टँकरचा वेगळा," असं कोणीतरी सांगितलं होतं. नवीन माणसाने जास्त विचारू नये म्हणून तिने मान हलवली होती आणि पुढे त्या मानेला तशीच सवय लागली.

बूच बसवायच्या यंत्राजवळ गरम असायचं. तिने ते माप तिथे ठेवलं आणि कामाला लागली. जेवणाच्या सुट्टीनंतर बघते तर तेल लिटरच्या रेघेच्या वर चढलेलं, दोन-तीन चमचे सहज. कोणी ओतलं नव्हतं. वजन तेवढंच होतं. तिने चमच्याने रेघेपर्यंत कमी केलं आणि पुन्हा तोललं. नऊशेच्या अगदी आसपास.

ती काट्यासमोर उभीच राहिली. दुपारचे टँकर बंदरावर गरम तेल भरून थेट वर यायचे. त्यांच्या पत्र्याला हात लावला तर ऊब लागायची. त्यांचा लिटर नऊशेचा. भिंतीवर लिहिणाऱ्या माणसाने तोच मोजला असणार. आणि हा रात्रभर घाटमाथ्यावर, वाऱ्यात. याचा लिटर नऊशे दहाचा. लिटरमागे दहा ग्रॅम. सोळा हजारांहून जास्त लिटर. दीडशे किलो आणि वर थोडं.

तेल कोणी नेलं नव्हतं. थंडीने अंग चोरून बसलं होतं बिचारं.

तिला हसू आलं आणि रडूही. इतके दिवस आपण ज्याला प्रेमाने चहा पाजत होतो, त्याला आपणच आपल्या सहीने चोर ठरवत होतो.

सोमवारी साहेबांच्या खोलीत चौघे होते. साहेब, जाडजूड गाडीमालक, भिंतीला टेकून तो, आणि टेबलावर काचेची दोन मापं मांडून ती. बाहेर त्याचा टँकर भरलेला उभा होता, आजही सकाळीच आलेला. तिने सगळं करून दाखवलं. थंड तेल तोललं, गरम तेल तोललं. साहेबांनी थर्मामीटर मागवला आणि स्वतः पुन्हा एकदा तोलून पाहिलं. गणित त्यांना लगेच कळलं, ते काही अडाणी नव्हते. त्यांनी नुसतं आजवर विचारलं नव्हतं, तिच्यासारखंच.

"म्हणजे चोरी नाही," साहेब म्हणाले. "ठीक. भिंतीवरचं पुसायला सांगतो."

तिने श्वास सोडला. तो भिंतीपासून जरा सरळ झाला.

पण गाडीमालक हलला नाही. "ते तेलाचं झालं, साहेब. गाडीचं काय? माझी भरलेली गाडी दर खेपेला रात्रभर डोंगरावर उभी का? आज चोरी नाही केलीस, उद्याला कोणाला विकणार नाहीस कशावरून? बोल रे."

त्याने मफलरची गाठ घट्ट केली.

"झोप येते म्हणू नकोस. त्या वाऱ्यात कुत्रं झोपत नाही. कोण भेटतं तिथे? कोणाशी ठरलंय?"

"कोणी नाही."

"मग का थांबतोस? हे बघ, कारण सांग नाहीतर चावी ठेव. आणि मी आख्ख्या बाजारात सांगेन का ठेवली ते."

त्याने खिशात हात घातला. चावी काढली. तिच्याकडे एकदाही न बघता ती टेबलाच्या दिशेने पुढे केली... आणि त्या न बघण्यानेच तिला सगळं कळलं.

संध्याकाळी घाट चढून आला असता तर दुपारच्या पाळीतच फाटकात शिरला असता, आणि गाडी शिरली की उतरवून घेतात. पहाटे खालून निघाला असता तर वर यायला दुपार. सकाळी फाटकात असायचं तर रात्र माथ्यावरच काढायला हवी. आणि सकाळच्या पाळीला या कारखान्यात काय होतं? धुकं होतं, काका होते, हमाल होते. आणि ती होती. हे तो बोलला असता तर गावभर तिचंच नाव झालं असतं. म्हणून हा वेडा गाडी सोडायला निघाला होता, चोर म्हणवून घ्यायला निघाला होता.

"माझ्यासाठी थांबतो तो," ती म्हणाली.

 साहेबांनी विचारलं, "काय?"

"माझी सकाळची पाळी असते. दुपारी मी नसते. मला भेटता यावं म्हणून तो रात्रभर तिथे थांबतो." तिचे कान तापले होते, पण थांबायला आता जागाच नव्हती. "मी त्याला असं करायला सांगितलं नव्हतं. मला माहीतही नव्हतं. माहीत असतं तर... तर थर्मास भरून दिला असता."

गाडीमालकाचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हसला, तसा वाईट माणूस नव्हता तो. चावी धरलेला ड्रायव्हरचा हात त्याने मागे सारला.

"चोर नाहीस. मान्य. गाडी काढून घेत नाही. पण पंधरा टन माल कोणाच्या प्रेमापायी रात्रभर डोंगरावर उभा राहणार नाही. तुला या रस्त्यावर ठेवलं तर तू पुन्हा थांबशील. थांबशील की नाही?"

तो खोटं बोलू शकला असता. "थांबेन," तो म्हणाला.

"मग उद्यापासून किनाऱ्याचा रस्ता. इथे दुसरा येईल."

टँकर तेवढा उतरवायचा राहिला होता. हमालांपर्यंत बातमी पोचली होती. ते लांबूनच बघत होते, खाकरत होते, एकमेकांना कोपर मारत होते. ती नळापाशी उभी राहिली. तेल थंड होतं, हळूच उतरत होतं. तरी तिने नळ अर्धा बंद केला. तो बघत होता. 

"एवढ्या लोकांसमोर सांगायची काय गरज होती?" शेवटी तो म्हणाला.

"तुम्ही सांगत नव्हतात."

"मला दुसरं काम मिळालं असतं कुठेतरी. तुमचं नाव—"

"माझं नाव काय तेल आहे, एवढ्या तेवढ्याने आकसायला?"

तो हसला. मग हसू गेलं आणि चेहरा तसाच राहिला, मोकळा, मफलरशिवाय. त्याची हनुवटी तिने पहिल्यांदाच नीट पाहिली. हनुवटीवर लहानपणीची एक खूण होती. ती कशाची हे विचारायचं राहूनच जाणार, असं तिला वाटलं.

"चला माझ्याबरोबर," तो म्हणाला. "आज नाही म्हणत मी. पण चला. किनाऱ्याला थंडी नसते."

"आई आहे."

"आईंना घेऊन."

"ती खोलीच्या दारापर्यंत येत नाही. घाट कुठून उतरणार?"

"मग मी इकडे..."

"इकडे येऊन काय कराल? दोनला मी घरी. तिथून पुढे मी कोणाचीच नसते." तिने नळाकडे बघत सांगितलं. "नाही जमायचं. तुम्ही विसरा."

पंपाने हवा ओढली, खरखरला आणि थांबला. टँकर रिकामा झाला होता. तिने वर चढून पाहिलं, उतरली, पावती लिहिली. घट काही नाही. त्याने ती पहिल्यांदाच उघडून वाचली, घडी घातली आणि मान हलवली.

"बघतो प्रयत्न करून," तो म्हणाला. "विसरायचा."

गाडी फाटकाबाहेर पडली आणि धुक्यात दिवे आधी गेले, आवाज त्यानंतर बराच वेळ येत राहिला.

घरी पोचली तर मावशी गेलेली नव्हती. आईच्या उशाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. गावात बातमी चालत जात नाही, ती धावतच सुटते.

"खरं का गं?" मावशीने विचारलं.

"हो."

"मग तू काय सांगितलंस त्याला?"

"नाही म्हणून सांगितलं. आई आहे म्हणून सांगितलं."

आई बोलायला वेळ घ्यायची. ओठ एका बाजूने ओढले जायचे, शब्द एकेक करून यायचे. "माझं... नाव सांगितलंस?"

"मग काय सांगू?"

"मला विचारलंस?"

ती पांघरूण सारखं करायला लागली. मावशीपाशी मात्र बोलायला पुष्कळ होतं. "आणि मला विचारायला काय तोंड शिवलं होतं तुझं? दोनला घरी जाऊन मी काय दिवे लावते? तुझे काका टीव्हीपुढे घोरतात आणि मी त्यांच्यापुढे बसते! संध्याकाळपर्यंत इथे बसले असते मी. तू दुपारची पाळी मागितली असतीस, तर तो पोरगा उन्हाचा गरमागरम तेल घेऊन आला असता, ना घट, ना चोरी, ना तमाशा. तो तिकडे थंडीत मरतोय, तू इकडे झुरतेस, आणि एकानेही तोंड उघडायचं नाही. धन्य आहे!"

"मावशी, मला वाटलं..."

"तुला वाटलं," आई म्हणाली. उजव्या हाताने तिने मुलीचं मनगट धरलं. त्या हातात अजून चांगली ताकद होती. "मी आजारी आहे. तुझ्या वाटेत... आडवी पडलेली नाही."

मग ती रडली, आईच्या पांघरुणात तोंड घालून, लहानपणी रडायची तशी हुंदके देऊन. मावशी स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाचच आपटत राहिली.

दर पावतीवर ड्रायव्हरचा फोन नंबर लिहिलेला असायचा. तो तिला केव्हाच पाठ झाला होता, पण लावला कधी नव्हता. आता लावला. घाटात फोन लागत नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं, तिलाही होतं. तरी ती लावत राहिली. आईला जेवण भरवलं, लावला. औषध दिलं, लावला. खिडकीबाहेर अंधारून आलं आणि काचेवर धुकं बसलं. खिडकी लावताना एका हाताने पुन्हा लावला, तेव्हा पलीकडे घंटी वाजली.

"हॅलो."

मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. तो सपाटीला पोचला होता.

"उतरलास?" ती म्हणाली.

 "हो. आत्ताच. आज कुठे थांबलो नाही."

"मावशी आता संध्याकाळपर्यंत थांबणार आहे. रोज. मला दोनला घरी पळायला नको."

"पण माझी गाडी आता त्या रस्त्याला..."

"बस तर आहे ना?"

 ती काचेवर बोट ठेवून उभी होती. काच थंड होती. त्याने गाडी बाजूला घेतली असावी, कारण हळूहळू भोंगे लांब गेले आणि त्याचा श्वास तेवढा राहिला.

"आहे," तो म्हणाला. "तीनला पोचते. मी मागेच चौकशी केली होती. पण तुम्ही दोनला जाता... म्हणून कधी तिकीट काढलं नाही."